जव्हार-मोखाडा : डोंगरातले संस्थान, नद्यांचे माहेर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि जव्हार व मोखाडा हे दोन डोंगरी तालुके त्याच्या पूर्व टोकाला आले. वसई-विरारच्या गजबजाटाशी त्यांचा संबंध कागदापुरता आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, दऱ्यांनी वेढलेल्या पठारावर वसलेले जव्हार हे एकेकाळी राजधानीचे गाव होते, हे मुंबईत जन्म काढलेल्या अनेकांना ठाऊक नसते. ‘ठाण्याचे महाबळेश्वर’ असे त्याचे कौतुक जुनी मंडळी करीत. ते कौतुक थोडे अन्यायाचेच आहे. महाबळेश्वर साहेबांच्या विश्रांतीसाठी वसवले गेले. जव्हारला सहा शतकांचा स्वतःचा राजवंश होता, स्वतःचा शक होता आणि स्वतःची माणसे होती. ती माणसे आजही तेथेच आहेत.

मुंबईहून जव्हारला जाण्यास दोन मार्ग सोयीचे. एक भिवंडी-वाड्यावरून, दुसरा अहमदाबाद महामार्गाने मनोरपर्यंत आणि तेथून विक्रमगडमार्गे. अंतर शहराच्या कोणत्या भागातून निघावे त्यानुसार दीडशे किलोमीटरच्या आसपास. नाशिककरांना त्र्यंबकेश्वर ओलांडून तोरंगण घाट उतरला की मोखाडा आणि पुढे जव्हार, असा ऐंशी किलोमीटरचा प्रवास पडतो. रेल्वे येथवर कधीच आली नाही. विक्रमगड मागे पडले की रस्ता वळणे घेऊ लागतो, साग आणि ऐन दाटू लागतात, कौलारू घरांच्या कुडाच्या भिंती दिसू लागतात आणि हवेतला दमटपणा हळूहळू उतरतो. गाव जवळ आल्याचे आधी काजूच्या झाडांवरून कळते, मग एस.टी. स्थानकाच्या गर्दीवरून.

जव्हारच्या राज्याची स्थापना ज्या कथेने सांगितली जाते, ती ऐकण्यासारखी आहे. इगतपुरीजवळच्या थळ घाटाच्या परिसरात मुकणे नावाच्या गावी महादेव कोळी समाजातील जयबा नावाच्या पुरुषाची छोटीशी गढी होती. इंग्रजी गॅझेटियरने त्याचा उल्लेख ‘पोपेरा’ असा केला आहे. पिंप्री येथील एका पवित्र स्थानी तो दर्शनास गेला असता त्याला ‘तू जव्हारचा राजा होशील’ असा आशीर्वाद मिळाला. त्याने माणसे जमवली, पेठ आणि धरमपूरच्या लोकांकडून मान्यता मिळवली, गुजरातेत काठेवाडपर्यंत मजल मारली आणि सात वर्षांनी परत येऊन जव्हारच्या वारली सरदाराकडे मागणे काय मागितले, तर एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन. सरदाराने हसून होकार दिला. जयबाने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडत नेल्या आणि त्या वेढ्यात वारल्याचा सगळा मुलूख घेतला. मोबदल्यात वारली सरदाराला वायव्येकडील गंभीरगड आणि भोवतालचा प्रदेश मिळाला.

हीच कथा भूमध्य समुद्राच्या काठी कार्थेज नगरी वसवणाऱ्या डायडो राणीबद्दल सांगतात. तिनेही कातड्याच्या वाद्या कापूनच जमीन मिळवली होती. दोन्ही कथांचा एकमेकींशी काही संबंध असेल किंवा नसेलही. पण जमीन कराराने गेली आणि करारातला शब्द देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला अधिक कळत होता, ही गोष्ट जगभरच्या लोकांनी कथेत बांधून ठेवावीशी वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जव्हारच्या डोंगरात ती फार जुनी झालेली नाही.

जयबानंतर त्याचा मुलगा गादीवर आला. त्याला दिल्लीच्या बादशहाने ‘नेमशहा’ हा किताब आणि राजेपद दिले. ती तारीख ५ जून १३४३ अशी नोंदली गेली आहे. दिल्लीत तेव्हा महंमद तुघलक राज्य करीत होता. हा दिवस मुकणे घराण्याने इतका मोलाचा मानला की, तेथून संस्थानाचा स्वतंत्र शक सुरू केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सरकारी कागदांवर तो लिहिला जात होता. परंपरेनुसार त्या काळी राज्यात नाशिक आणि ठाणे मिळून बावीस किल्ले होते आणि वार्षिक वसूल नऊ लाख रुपयांचा होता. पुढे पोर्तुगीज, मोगल आणि शेवटी पेशवे यांच्याशी व्यवहार करता करता मुलूख झिजत गेला. १७८२ च्या सुमारास राजाच्या हाती उरलेल्या प्रदेशाचे उत्पन्न जेमतेम पंधरा ते वीस हजारांचे होते. नऊ लाखांवरून वीस हजारांवर! ज्या संस्थेचा ताळेबंद असा उतरत जातो, ती संस्था सहसा टिकत नाही. जव्हार मात्र टिकले. उंच जागा, अवघड वाटा आणि फार काही लुटण्यासारखे नसणे, ही तीन कारणे त्यास पुरेशी असावीत. इंग्रजी अमलात ते सुमारे ३१० चौरस मैलांचे, नऊ तोफांच्या सलामीचे संस्थान म्हणून राहिले आणि १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात सेवा केली आणि स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या काळाशी निगडित असलेला ‘जयविलास’ राजवाडा गावापासून थोड्या अंतरावर टेकडीवर उभा आहे. गुलाबी छटेचा दगड, पाश्चात्त्य धर्तीचे खांब, वर घुमट आणि भोवती काजूच्या बागा असे त्याचे रूप आहे. आकाराने तो म्हैसूर वा बडोद्याच्या राजवाड्यांच्या पासंगाला पुरणार नाही. त्या अपेक्षेने जाणारा निराश होतो. परंतु भारतातील आदिवासी राजघराण्याची अशी वास्तू फारशी कोठे पाहावयास मिळत नाही, हे ध्यानात ठेवून पाहिले तर तिचे मोल कळते. वाडा खासगी मालकीचा असल्याने आत प्रवेश मिळेल की नाही, याची चौकशी आधी गावात करावी. गावातला जुना राजवाडा वेगळा, आणि राजघराण्याची नावे तर गावभर विखुरलेली आहेत. सरकारी रुग्णालयाला पतंगशहांचे नाव आहे, गावाला पाणी देणारे ‘जयसागर’ धरणही संस्थानकाळाची आठवण सांगते. एवढ्याशा राज्याने १९१८ साली नगरपालिका स्थापन केली होती. आजही गावाची वस्ती बारा-तेरा हजारांच्या पुढे फारशी गेलेली नसावी, असे बाजारपेठेतून एक फेरी मारली की वाटते.

पर्यटकांना दाखवण्याच्या जागा जव्हारात ठरलेल्या आहेत. सनसेट पॉइंटवरून दिसणारी दरी धनुष्याच्या आकाराची आहे, म्हणून पूर्वी त्या जागेला धनुकमाळ म्हणत. जुने नाव अधिक चांगले होते. हनुमान पॉइंटला काट्या मारुतीचे मंदिर आहे आणि आकाश निवळलेले असेल तर तेथून शहापूरकडचा माहुलीचा किल्ला ओळखता येतो. गावापासून वीसेक किलोमीटरवर दाभोसा येथे लेंडी नदी सुमारे तीनशे फूट खाली झेपावते. पावसाळ्यात तो धबधबा रौद्र असतो; पायथ्याच्या डोहात उतरण्याचा मोह तेव्हा आवरावा, कारण अशा डोहांत दरवर्षी कोठे ना कोठे तरुण मुले जीव गमावतात. झापजवळचा भूपतगड चढण्यास फार कठीण नाही. वर तटबंदीचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत, आणि चहूबाजूंना डोंगरांच्या घड्या.

शिरपामाळ ही जागा मात्र घाईने उरकू नये. १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला होता आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी तेथे त्यांची भेट घेऊन त्यांना मानाचा शिरपेच अर्पण केला, अशी येथील परंपरा आहे. शिरपेचाचा माळ तो शिरपामाळ. भगवा ध्वज, छोटेसे स्मारक आणि भणाणणारा वारा, एवढेच तेथे आहे. सुरतेच्या स्वारीबद्दल शाळेत शिकलेल्या मुलांना येथे उभे करून नकाशा दाखवावा. घाटमाथ्यावरून गुजरातेत सैन्य गुपचूप उतरवायचे तर ते या डोंगरांच्या आडूनच का उतरवावे लागले असेल, हे त्यांना एका नजरेत कळेल.

मराठी कुटुंबे हल्ली थायलंडला मोठ्या संख्येने जातात. बँकॉक आणि पट्टाया पाहून परततात. त्या देशाच्या उत्तरेस, नद्यांच्या खोऱ्यांत, लान्ना नावाचे जुने राज्य होते; मंग्राई राजाने १२९६ मध्ये चिआंग माई वसवले, म्हणजे जव्हारच्या शकाआधी जेमतेम अर्धशतक. ‘लान्ना’ या शब्दाचा अर्थ ‘दहा लाख भातशेते’. तेथील नदीकाठची लहान शहरे, लाकडी देवळे, डोंगरी जमातींचे विणकाम आणि नृत्य पाहण्यासाठी जगभरातले जाणकार प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करतात. तेवढीच वाट जव्हारसाठी वाकडी करणारे विरळाच. येथे देवळांची कोरीव छपरे नाहीत, हे खरे. परंतु भात, नदी, डोंगर आणि त्यांच्याभोवती रचलेले एक संपूर्ण जग येथेही आहे. ते दगडात नसून भिंतीवरच्या तांदळाच्या पिठात, भोपळ्याच्या वाद्यात आणि कागदाच्या लगद्याच्या मुखवट्यात आहे, इतकाच फरक.

या दोन तालुक्यांत दर दहा माणसांत नऊ आदिवासी असतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी असे समाज शेजारी शेजारी नांदतात. शेती बहुतेक डोंगरउताराची, वरकस जमिनीची. उन्हाळ्याच्या अखेरीस पालापाचोळा, शेण आणि फांद्या पसरून जमिनीचा एक तुकडा भाजतात. त्याला राब म्हणतात. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत रोप टाकायचे आणि महिन्याभराने ते उपटून चिखलात भात, उतारावर नागली आणि वरई लावायची. सप्टेंबर सरता सरता खुरासणीच्या फुलांनी उतार पिवळे होतात. त्या दिवसांत जव्हारचे जे रूप असते, त्याचे वर्णन करण्याच्या भरीस न पडता एवढेच म्हणावे की, पावसाळी सहलीपेक्षा तो काळ चांगला. बायफसारख्या संस्थेने गेल्या काही दशकांत येथे आंबा-काजूच्या ‘वाड्या’ लावण्याचे आणि भाताची जुनी वाणे जपण्याचे काम केले आहे. अलीकडे मोगऱ्याची शेतीही वाढली आहे. पहाटे खुडलेल्या कळ्या सकाळी दादरच्या फूलबाजारात पोहोचतात.

तरीही वर्षभर पुरेल एवढे धान्य या उतारांवर पिकत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत याच तुटीवर एक व्यवहार उभा राहिला होता. पावसाळ्यात खायला नसे तेव्हा धान्य ‘खावटी’ म्हणून उचलायचे आणि सुगीत ते सवाईने किंवा दिढीने परत करायचे. म्हणजे मणाला दीड मण. चार महिन्यांच्या मुदतीला पन्नास टक्के! कोणत्याही बँकेच्या व्याजदराच्या तक्त्यात न बसणारा हा दर कित्येक पिढ्यांनी निमूटपणे भरला. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण त्या कर्जापायी बायकोसह सावकाराकडे राबत राही. त्याला ‘लग्नगडी’ असा शब्दच होता. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी याविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्याच उठावाची हकीकत आहे. वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये बंद झाली. या व्यवहारांत बाजारपेठेतल्या व्यापारी-सावकारांचा वाटा होता, हे व्यापारउदिमाची परंपरा असलेल्या घरांतील वाचकांनी नजरेआड करू नये. त्याच बाजारपेठांत वजनात काटा न मारणारे आणि अडीनडीला बिनव्याजी पोते देणारे दुकानदारही असतात व होते. पण पद्धत म्हणून जे चालले, ते चाललेच.

आजची उचल वेगळ्या नावाने येते. दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीचा ठेकेदार पाड्यावर येऊन आगाऊ रक्कम देतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे निघतात. पाड्यावर म्हातारी माणसे आणि कुत्री उरतात. शाळेतली हजेरी ओसरते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर आरोग्य केंद्रे, अंगणवाड्या, आश्रमशाळा, रोजगार हमी आणि २००६ च्या कायद्याने मिळालेले वनपट्टे यांमुळे बरेच बदलले. सगळे बदललेले नाही. स्वच्छ रस्त्याने येऊन सनसेट पाहून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण जव्हारचे दारिद्र्य रस्त्यावर हात पसरून उभे राहत नाही.

वारली चित्रे हल्ली चहाच्या कपावर, साडीच्या पदरावर आणि विमानतळाच्या भिंतीवर आढळतात. मुळात ती लग्नघराची गोष्ट. लग्नाच्या आधी घरातल्या भिंतीवर गेरूचा किंवा शेणाचा हात फिरवून सुवासिनी तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहितात. ‘काढतात’ नव्हे, ‘लिहितात’. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, भोवती झाडे, जनावरे, सूर्य-चंद्र, नाचणारी माणसे. धवलेरी नावाची जाणती स्त्री गाणी म्हणत हा विधी चालवते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला बाहेरच्या जगाला कळली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विधीपुरती स्त्रियांच्या हातात असलेली रेषा बाजारात आली ती बहुतेक पुरुषांच्या सहीने, ही बाब कलासमीक्षकांनी पुरेशी बोलून दाखवलेली नाही. जव्हारच्या बाजारात चित्र घ्यावयाचे असल्यास ज्याने काढले त्याच्याच हातून घ्यावे आणि घासाघीस करू नये. बारीक ठिपक्यांचे एक मोठे चित्र पुरे होण्यास कित्येक दिवस लागतात.

तारपा या वाद्याबद्दलही असेच. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पाने आणि मेण यांपासून ते तयार होते. वाजवणारा श्वास न तोडता रात्रभर फुंकत राहतो आणि त्याच्याभोवती सर्पाकार फेर धरून स्त्री-पुरुष नाचतात. फेऱ्याचे तोंड तारपकऱ्याकडे. तो सूर बदलील तशी पावले बदलतात आणि त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाही. भात तयार होण्याच्या दिवसांत, दिवाळीच्या आसपास, तारप्याचा घुमारा पाड्यापाड्यांतून ऐकू येतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांनी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हे वाद्य बनवण्याचे आणि वाजवण्याचे काम उतारवयातही सोडले नाही, म्हणून त्यांचे नाव डोंगराबाहेर पोहोचले. 

जव्हारहून मोखाडा पंचवीसेक किलोमीटर. गाव लहान, बाजार एका रस्त्याचा. एरवी बस बदलण्यापुरतेच कोणी येथे थांबावे. पण होळीनंतरच्या दिवसांत मोखाड्याला जगदंबेच्या यात्रेनिमित्त बोहाडा भरतो, तेव्हा या गावाला मुंबईत नसलेली श्रीमंती येते. बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव. गणपती आणि शारदा आधी येतात. मग त्राटिका, नरसिंह, रावण, भीम असे देव-दैत्य सांबळ आणि सनईच्या तालावर रात्रभर नाचत जातात. मुखवटे भलेमोठे, पूर्वी लाकडाचे, आता बहुधा कागदाच्या लगद्याचे. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे याचे मान ठरलेले असतात. पहाटेस देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते आणि उत्सव संपतो. वीटभट्टीवर गेलेली माणसे शिमग्याला घरी येतात, ती काही काळ तरी याचसाठी येतात. वर्षभर दुसऱ्याच्या विटा थापणारा माणूस त्या रात्री रावण असतो आणि सारे गाव त्याला वाट करून देते. प्रेक्षागृहातला प्रयोग पाहावयाचा असतो तसा बोहाडा पाहू नये. दिव्याचा झोत तोंडावर मारून छायाचित्रे घेणारे शहरी पाहुणे हल्ली वाढू लागले आहेत. त्यांना कोणी हटकत नाही, यावरून ते सगळ्यांना चालते असे समजू नये.

मोखाडा तालुक्याची खरी ओळख पाण्याची. जव्हार संस्थानाच्या जुन्या वर्णनांत देहर्जा, सूर्या, पिंजाळ आणि वाघ या चार मुख्य नद्या सांगितलेल्या आहेत. वाघ नदी उत्तरेस दमणगंगेला मिळते, बाकीच्या तिघी पश्चिमेकडे वळतात. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावलेली वैतरणा मोखाड्याच्या अंगाखांद्यावरून खाली उतरते आणि पिंजाळ पुढे तिलाच मिळते. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी तीन, म्हणजे उर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर, या एकाच नदीवर आहेत. त्यांतील मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातील कोचाळे गावाजवळ २०१२ मध्ये पूर्ण झाले. उंची १०२ मीटर. रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देण्याची क्षमता. खोडाळ्याकडून जाताना रस्त्यावरून जलाशयाचे निळे पात्र दिसते. देखावा देखणा आहे.

आणि त्याच तालुक्यात फेब्रुवारी-मार्चपासून टँकर सुरू होतात. वरून पाहणाऱ्याला हे कोडे वाटते. पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, पण तो पडतो काळ्या कातळावर आणि तीव्र उतारावर. दख्खनचा बेसाल्ट खडक पाणी पोटात फार धरून ठेवत नाही. चार महिने कोसळलेले पाणी ओहोळांतून नदीत, नदीतून धरणात किंवा समुद्रात निघून जाते. पाडे टेकड्यांच्या माथ्यावर, धरणे दरीच्या तळाशी. धरणाचे पाणी जलवाहिन्यांतून शंभर किलोमीटरवरच्या शहरात जाते. दोनशे मीटर वरच्या पाड्यावर मात्र ते चढत नाही, कारण ते चढवण्याची योजना त्या अंदाजपत्रकात मुळातच नव्हती. मग स्त्रिया दरीतल्या झऱ्यावर किंवा आटलेल्या विहिरीवर हंडे घेऊन रांगा लावतात. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरून हंडा पुरा होण्यास तास लागतो. टँकर आला की ते पाणी विहिरीत ओततात आणि पुन्हा दोरीने उपसतात. विहिरीच्या काठावरचे दगड दोरीने घासून खोबणी पडलेले असतात.

उपाय नाहीत असे नाही. उतारावरचे छोटे बंधारे, झऱ्यांची निगा, सौर पंपाने दरीतले पाणी माथ्यावरच्या टाकीत चढवणे, अशी कामे जेथे नीट झाली तेथे टँकर थांबले आहेत. धरणाच्या तुलनेत त्यांचा खर्च किरकोळ. पण ती कामे पाड्यापाड्याला वेगळी आखावी लागतात, कित्येक वर्षे सांभाळावी लागतात आणि त्यांचे उद्घाटन दूरवरून दिसत नाही. दरम्यान मोठ्या योजनेचे कागद पुढे सरकत आहेत. दमणगंगा-पिंजाळ नदीजोड प्रकल्पात दमणगंगेवर भुगड आणि वाघ नदीवर खारगीहिल येथे धरणे बांधून ते पाणी पिंजाळच्या खोऱ्यात आणि तेथून मुंबईकडे वळवण्याचा प्रस्ताव आहे. ही धरणे झाली तर काही गावे आणि त्यांची भातखाचरे पाण्याखाली जातील. मोठ्या शहराला पाणी लागते, हे कोणी नाकारीत नाही. मात्र डायडो राणीच्या गोष्टीतली ती बैलाच्या कातड्याची वादी अजून पुरी उलगडलेली नाही, असे वाघ नदीच्या काठी बसल्यावर वाटते. नदीचे पाणी शहराला देताना काठावरच्या पाड्याच्या टाकीचा खर्च पहिल्याच पानावर, धरणाच्या खर्चाच्या शेजारी लिहिला जावा, एवढे मागणे अवाजवी नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे सोयीचे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. बोहाडा पाहावयाचा असल्यास फाल्गुन-चैत्रात जावे आणि तिथी गावात विचारून घ्यावी, कारण प्रत्येक गावाची वेगळी असते. जव्हारात राहण्याची व्यवस्था साधी पण स्वच्छ मिळते; मोखाड्याच्या बाजूस खोडाळा आणि सूर्यमाळ येथे थंडी अधिक, सोयी कमी. घरगुती खाणावळीत नागलीची किंवा तांदळाची भाकरी, उडदाची डाळ आणि भात मिळतो. कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी सकाळीच सांगून ठेवावे, आणि सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांनी धनुकमाळावरचा सूर्यास्त की गरम भाकरी, याचा निर्णय आधी करून घ्यावा. बाजारातून नागली, वरई, खुरासणीचे तेल, काजू अवश्य घ्यावेत. पैसे रोख जवळ असावेत, आतल्या गावांत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. एप्रिल-मेमध्ये मोखाड्याकडे जाणाऱ्यांनी पिण्याचे पाणी जाता-येता दोन्ही वेळचे घरून भरून न्यावे आणि पाड्यावर कोणी तांब्या पुढे केला तर नाही म्हणू नये. आलेल्याला आधी पाणी देण्याची तेथील रीत आहे.